कागद पोहोचतो, निरोप पोहोचत नाही

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत राहणारी, चार घरच्या पोळ्या करून दोन मुलांना वाढवणारी एक तरुण विधवा एक सरकारी कागद घेऊन माझ्याकडे आली. तिने पाच महिन्यांपूर्वी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेसाठी अर्ज केला होता आणि हे त्याचे उत्तर होते. त्यात लिहिले होते, ‘उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपला प्रस्ताव त्रुटीअभावी प्रलंबित असून पूर्ततेअंती पुढील कार्यवाही अनुसरण्यात येईल.’ ती आठवी शिकलेली आहे. तिने तो कागद तीनदा वाचला होता आणि मुलीकडून एकदा वाचून घेतला होता. तिचा प्रश्न साधा होता : “बाई, मंजूर झालं का नाई झालं, एवढंच सांगा ना.” मलाही ते सांगता आले नाही. ‘त्रुटीअभावी’ याचा सरळ अर्थ ‘त्रुटी नसल्यामुळे’ असा होतो. म्हणजे अर्जात एकही चूक सापडली नाही म्हणून तो अडकला आहे, असे ते कार्यालय सहीशिक्क्यानिशी सांगत होते. त्यांना ‘त्रुटींच्या पूर्ततेअभावी’ असे म्हणायचे असावे. पण त्रुटी कोणती, दाखला कोणता हवा, तो कोणाकडे आणि कधीपर्यंत द्यायचा, याबद्दल त्या कागदावर एक अक्षर नव्हते. खाली सही होती, पण सही करणाऱ्याचे नाव नव्हते. छापलेला दूरध्वनी क्रमांक मी दोन दिवस लावून पाहिला. तो लागला नाही.

हसू येण्याआधी मला माझीच आठवण झाली. मी नागपूर जिल्ह्यात एकात्मिक बालविकास सेवा योजनेत, आधी ग्रामीण आणि मग नागरी प्रकल्पात, पर्यवेक्षिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले आहे. असले कागद मी स्वतः लिहिलेले आहेत. ‘आपणांस सूचित करण्यात येते’ असे लिहिले की काम झाले, असे मलाही वाटत असे, कारण जावक क्रमांक पडला की माझ्या बाजूने ते प्रकरण सुटलेले असायचे. तो कागद ज्या घरात गेला त्या घरात त्याचे काय झाले, हे विचारणारा रकाना आमच्या कोणत्याही नमुन्यात नव्हता. म्हणून हे पत्र तक्रार म्हणून वाचले जावे तितकेच कबुली म्हणूनही वाचले जावे, अशी विनंती आहे.

आधी या योजनेविषयी, कारण ती ज्यांच्यासाठी आहे त्यांतल्या अनेकांना ती ठाऊकच नाही. आईवडील दोघे किंवा दोघांपैकी एक गमावलेल्या, पालक दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेल्या किंवा तुरुंगात असलेल्या अठरा वर्षांखालील मुलांना संस्थेत न ठेवता घरातच वाढवता यावे, म्हणून राज्य सरकार दरमहा अनुदान देते. २०२३ मध्ये ही रक्कम अकराशेवरून २,२५० रुपये झाली. पोळ्या करणाऱ्या बाईच्या घरात दोन मुलांचे साडेचार हजार म्हणजे घरभाडे सुटते. अर्जाबरोबर मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, मुलाचे शाळेचे बोनाफाईड, बँकेचे पासबुक असे कागद लागतात, घरी येऊन सामाजिक तपासणी होते आणि शेवटी बालकल्याण समितीच्या आदेशाने मंजुरी मिळते.

इथेच दुसरी अडचण आहे. समितीकडून येणारा कागद ‘बालकासह समितीसमोर उपस्थित राहावे’ अशा शब्दांत येतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे या समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत, त्यामुळे तिच्या कागदाला कोर्टाचा वास येणे स्वाभाविक आहे. पण ज्या बाईने आजवर कोर्टाची पायरी चढलेली नाही, तिला ‘बालकासह’ या एका शब्दाने घाम फुटतो. माझ्या या शेजारणीने समितीच्या तारखेला धाकट्याला सोबत नेलेच नव्हते. तिच्या जावेने तिला सांगितले होते, की तिथे लेकरू नेले की ते ठेवून घेतात, मग सोडवायला वकील लागतो. परिणामी ‘बालक अनुपस्थित’ असा शेरा पडला आणि पुढची तारीख मिळाली. आता त्याच कायद्याचे कलम ३ काढून पाहावे. मुलाला वाढवण्याची पहिली जबाबदारी त्याच्या कुटुंबाची आहे आणि संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय आहे, अशी तत्त्वे त्यात स्पष्ट लिहिलेली आहेत. म्हणजे कायदा आईच्या बाजूने उभा आहे, आणि त्या कायद्याने नेमलेल्या समितीचा कागद वाचून आई मूल लपवते आहे. ‘मुलाला सोबत आणा, पाच-दहा मिनिटे त्याच्याशी बोलू, मग त्याला घेऊन तुम्ही घरी जाल’ एवढे एक वाक्य त्या कागदावर असते तर तिचा एक खाडा आणि समितीची एक तारीख वाचली असती.

सरकारला लोकांशी बोलता येत नाही, असे कोणी म्हणाले तर मी ते मान्य करणार नाही. २०२४ च्या जुलैत मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले आणि ऑगस्टच्या मध्याला बायकांच्या खात्यांवर पैसे पडू लागले होते. त्या दीड महिन्यात कोणती कागदपत्रे लागतात, कोणाचा अर्ज चालतो, कोणाचा नाही, हे यशोधरानगरपासून देवलापारच्या पलीकडच्या पाड्यांपर्यंत प्रत्येक घराला पाठ झाले होते. अर्ज भरून घ्यायला आमच्याच अंगणवाडी सेविका बसल्या होत्या. ती योजना महिला व बालविकास विभागाची, आणि बालसंगोपन योजनाही त्याच विभागाची. एकीची माहिती पाटीवर, रिक्षाच्या भोंग्यावर, मोबाईलवर, देवळाच्या पायरीवर पोहोचते आणि दुसरीची माहिती ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच मिळते, याला अडाणीपणा किंवा मनुष्यबळाची टंचाई हे कारण पुरत नाही. ज्या घराकडून मताची अपेक्षा असते त्या घराशी बोलण्याची भाषा आपल्याला येते. ज्या घराला नुसते देणे लागतो त्या घराशी आपण जावक क्रमांकाने बोलतो.

आता अंगणवाडीकडे येते, कारण लहान मुलाच्या घराला सरकारचे पहिले दर्शन तिथेच होते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, म्हणजे तिला पन्नास वर्षे होऊन गेली. पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (गरज पडल्यास पुढच्या दवाखान्यात पाठवणे), शालेयपूर्व शिक्षण आणि पोषण व आरोग्य शिक्षण अशा सहा सेवा तिच्यात सांगितल्या आहेत. यातली सहावी सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण, म्हणजेच आयांशी बोलणे. बाकी पाचांचे मोजमाप होते : पाकिटे किती वाटली, लसी किती टोचल्या, वजने किती घेतली. सहावीचे मोजमाप बैठकीच्या फोटोवरून होते.

मला एक वजनाचा दिवस आठवतो. जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या, मिरचीच्या पट्ट्यातल्या एका गावात मी भेटीला गेले होते. आढ्याला काटा टांगलेला, खाली बायका रांगेत, आणि मी रजिस्टर घेऊन बसलेली. सव्वा वर्षाच्या एका मुलीच्या दंडाला सेविकेने घेर मोजायची पट्टी लावली आणि मी मोठ्याने वाचले, “अकरा पॉइंट दोन. सॅम. लाल.” (सॅम म्हणजे तीव्र कुपोषित.) मी घाईत होते, कारण त्या दिवशी मला आणखी दोन अंगणवाड्या करायच्या होत्या. रांगेतल्या एकीने दुसरीला कोपराने ढोसले. मुलीच्या आईने पदराखाली पोरीला घेतले आणि ती पाकीट न घेता निघून गेली. नंतर दोन महिने ती आलीच नाही. माझ्या अहवालात ‘लाभार्थी अनुपस्थित’ अशी नोंद आहे. ती माझ्या हातची.

तिसऱ्या महिन्यात मी सेविकेला घेऊन तिच्या घरी गेले. दारातच तिने विचारले, “माहं लेकरू रेड हाय म्हन्ते. रेड म्हंजे का व्हय बाई?” तिला वाटले होते, की हा कुठला तरी लागट रोग आहे. सासूचे मत होते, की सुनेचे दूध नासले. मग आम्ही बसलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी रजिस्टर न उघडता विचारले, की तुमचा दिवस कसा जातो ते सांगा. ती सकाळी सातला मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवण्या-निवडण्याच्या आवारात, देठ खुडायला जात होती. मिरचीचे हात घेऊन लेकराला जवळ घेता येत नाही, म्हणून दिवसभर पोर आठ वर्षांच्या बहिणीकडे होती. घरी जाणारे आहाराचे पाकीट पातळ शिजवून तिघा भावंडांत वाटले जात होते. तीव्र कुपोषित बालकाला दिवसाला ८०० उष्मांक आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिने मिळतील असा पूरक आहार द्यावा, हे मला पाठ होते. पण तो आहार ज्या घरात शिजतो त्या घरात एकच गंज (पातेले) आहे आणि खाणारी तोंडे तीन आहेत, हे मला ठाऊक नव्हते. आणि मी त्या घराला ‘समुपदेशन’ करायला गेले होते.

मी पर्समधली पट्टी काढून तिच्या हातात दिली. लाल भाग कुठे संपतो ते तिला दाखवले : साडेअकरा सेंटिमीटरवर. तिच्या पोरीला तीन मिलिमीटर कमी पडत होते. सासू गहू निवडत बसली होती. मी त्यातला एक दाणा उचलून पट्टीवर आडवा ठेवला आणि सांगितले, की एवढेच वाढायचे आहे. सासूने सूप बाजूला ठेवले आणि चष्मा मागवला. त्या घरात तोवर जे ‘रेड’ होते ते आता एका दाण्याएवढे झाले होते, आणि दाण्याएवढे काही वाढवणे म्हातारीला अगदी सहज शक्य वाटले. पोरीसाठी वेगळी वाटी ठेवायची, हे तिनेच ठरवले; मी सांगितले नव्हते. पुढच्या भेटीला तिने आधी पट्टी मागितली आणि मग मला पाणी विचारले.

हा प्रसंग मी स्वतःच्या कौतुकासाठी सांगत नाही. दोन महिने आधी मी माझा आवाज थोडा खाली घेतला असता तर त्याची गरजच पडली नसती. सांगायचे ते एवढेच, की ज्या घरात मूल वाढते तिथली सगळी माहिती त्या घरातल्या माणसांकडे असते आणि आमच्या यंत्रणेत ती विचारून घेण्याला कामच समजले जात नाही. पोषण पुनर्वसन केंद्राचे उदाहरण घ्या. तीव्र कुपोषित मुलाला उपचारासाठी तिथे साधारण चौदा दिवस ठेवायचे असते आणि आईनेही सोबत राहायचे असते. ‘माता भरतीस तयार नाही’ असा शेरा मी कितीतरी वेळा वाचला आहे. का तयार नाही, हे फार थोड्या ठिकाणी लिहिलेले असते. घरी दुसरी दोन लेकरे कोणाकडे ठेवायची, हा तिचा प्रश्न असतो. आणि त्या दिवसांची बुडीत मजुरी सरकार देते, ही गोष्ट तिला कोणी सांगितलेलीच नसते.

अलीकडे या सगळ्यात मोबाईल आला आहे. पोषण ट्रॅकर हे ॲप २०२१ पासून वापरात आहे आणि २०२५ च्या जुलैपासून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थीचा चेहरा कॅमेऱ्यासमोर ओळखून घेणे सक्तीचे झाले. पाकिटे वाटेत गळू नयेत हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. परंतु नोंदणी करताना जो ओटीपी येतो तो बहुतेक घरांत नवऱ्याच्या मोबाईलवर येतो, आणि नवरा बुटीबोरीला पाळीवर किंवा ट्रकवर असतो. माझी एक जुनी सेविका मला सांगत होती, की आता बाई दारात आली की तिच्याकडे बघायच्या आधी फोनकडे बघावे लागते; चेहरा जुळेपर्यंत लेकरू रडायला लागते, आणि जुळला की आई पाकीट उचलून निघते, कारण मागे रांग असते. पूर्वी त्या दोन मिनिटांत ‘पोरगं खातं का गं?’ एवढे तरी विचारले जायचे. आता चेहरा जुळतो. बोलणे होत नाही.

यात सेविकेचा दोष काढणे सोपे आहे आणि म्हणूनच ते करू नये. तिच्याकडे वजने आहेत, गृहभेटी आहेत, शालेयपूर्व वर्ग आहे, सर्वेक्षणे आहेत, कुठे मतदारयाद्यांचे काम आहे. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यभरातल्या सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या, त्याच आठवड्यात आपल्या शहरात हिवाळी अधिवेशन सुरू झाले. नागपूरकरांना डिसेंबरातल्या मोर्चांची इतकी सवय आहे, की वाहतूक कुठून वळवली आहे एवढेच आपण पाहतो. त्या मोर्चातल्या बायका मानधनाबद्दल बोलत होत्या, हे खरे. पण त्यांच्या घोषणा लक्ष देऊन ऐकल्या असत्या तर ‘आम्हालाही कोणी काही विचारत नाही’ हीच तक्रार त्यांतही ऐकू आली असती. ज्या बाईशी वरून फक्त आदेशाच्या भाषेत बोलले जाते, ती खाली आईशी वेगळ्या भाषेत कशी बोलणार?

आरोग्य विभागाचीही गोष्ट फार वेगळी नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरहून सुरू झाला. त्यात डॉक्टरांचे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येऊन जन्मतः असलेले व्यंग, आजार, जीवनसत्त्वांची कमतरता आणि विकासातला विलंब तपासते आणि गरज पडल्यास मुलाला पुढे पाठवते. उत्तम योजना आहे. तिच्यामुळे कित्येक मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया मोफत झाल्या. परंतु तपासणी होते तेव्हा मूल अंगणवाडीत किंवा शाळेत असते आणि आईबाप कामावर असतात. घरी जाते ती चिठ्ठी, पुष्कळदा इंग्रजी संक्षेपांनी भरलेली. एका मुलाच्या बाबतीत ती चिठ्ठी मला त्याच्या घरी तांदळाच्या डब्यात सापडली होती, अगदी जपून ठेवलेली. बाप ती घेऊन एकदा शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जाऊन आला होता. “कोनत्या खिडकीवर दाखवाची, हेच कोनी सांगतलं नाही,” तो म्हणाला. दिवसभर उभा राहून, शेवटच्या गाडीने तो परत गेला होता. आमच्या नोंदीत ते मूल ‘संदर्भित’ होते, म्हणजे आमच्यापुरते ते पोहोचलेले होते.

भाषेचाही एक पदर आहे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा. त्याने कारभार मराठीत आला याचा मला अभिमान आहे. पण कार्यालयाची मराठी ही नागपूर जिल्ह्यातल्या कुठल्याच आईची मराठी नाही. रामटेक आणि पारशिवनीच्या जंगलपट्ट्यात घरात गोंडी बोलली जाते. शहरात बांधकामावर आणि वीटभट्ट्यांवर छत्तीसगड आणि बालाघाटकडून आलेली कुटुंबे आहेत. उत्तर नागपूरच्या वस्त्यांत हिंदी-मराठीची सरमिसळ आहे आणि बाकी सगळीकडे आमची ‘मले-तुले’ आहे, जी कागदावर उतरवायची आम्हाला लाज वाटते. बैठकीची वेळ तर आणखीच विनोदी. पालकांची सभा सकाळी अकराला ठेवायची आणि मग ‘पालकांत उदासीनता आहे’ असे लिहायचे. अकरा वाजता आई कळमन्याच्या बाजारात संत्री निवडत असते किंवा कोणाच्या तरी घरी भांडी घासत असते.

शाळेबद्दल एकच सांगते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. कागदावर तशा असतात. त्यांच्यापैकी किती जणींच्या सह्या सभेत झाल्या आणि किती जणींच्या शिपायाने दारात जाऊन घेतल्या, हे प्रत्येक मुख्याध्यापकाला ठाऊक आहे.

मग करायचे काय? नवी योजना, नवे ॲप किंवा सप्टेंबरातल्या पोषण माहात आणखी एक रांगोळी स्पर्धा यांपैकी काहीही मी मागत नाही. माझी मागणी एका चिठ्ठीची आहे. मुलाच्या संदर्भात कोणत्याही कार्यालयाने, अंगणवाडीने, पथकाने किंवा समितीने कुटुंबाला जो कागद द्यायचा, त्याच्या वरच्या भागात मोठ्या अक्षरांत चार ओळी असाव्यात : आम्ही काय पाहिले, आता काय होईल, तुम्ही काय करायचे आणि कधीपर्यंत, आणि अडले तर कोणाला विचारायचे. शेवटच्या ओळीत माणसाचे नाव आणि चालू असलेला क्रमांक हवा. त्याखाली कार्यालयाने हवे तेवढे ‘उपरोक्त’ आणि ‘अनुसरण्यात’ लिहावे, माझी हरकत नाही. माझ्या शेजारणीच्या कागदाच्या त्या चार ओळी मी लिहून पाहिल्या : ‘तुमचा अर्ज नामंजूर झालेला नाही. त्यात या वर्षीचा उत्पन्नाचा दाखला नाही. तो तहसील कार्यालयातून घेऊन महिनाअखेरपर्यंत आणून द्या. अडचण आल्यास अमुक यांना विचारा.’ चार वाक्ये. अर्थात दाखलाच कमी आहे, हा माझा अंदाज. कार्यालयाने ते कळवलेले नाही.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी याच चार ओळी बोलून दाखवाव्यात आणि मग त्यांच्याकडून परत वदवून घ्याव्यात. औषधाची बाटली देताना ‘कधी घ्यायचं सांगा बरं’ असे विचारणारी नर्स असतेच ना, तसे. आईने वेगळेच काही सांगितले, तर चूक तिच्या ऐकण्यात नसते, आपल्या सांगण्यात असते. कुपोषण, अपंगत्व, घरातला छळ या गोष्टी रांगेत उच्चारल्या जाऊ नयेत, ही साधी सभ्यता आहे. त्याला शासननिर्णयाची गरज नाही. आणि बोलावताना फक्त आईला बोलावू नये. घुटी, वरचे अन्न, दवाखाना की बुवा, हे निर्णय अनेक घरांत आजी घेते, आणि जाण्या-येण्याचा पैसा बापाच्या खिशात असतो. तरी आमचे सारे ‘समुपदेशन’ त्या घरात ज्या बाईच्या हाती सर्वांत कमी सत्ता आहे तिलाच ऐकवले जाते.

दुसरी मागणी उलट दिशेची आहे. अंगणवाडीत रजिस्टरे पुष्कळ आहेत. त्यात एक वही अशी असावी, जिच्यात फक्त घरच्यांनी विचारलेले प्रश्न, त्यांच्याच शब्दांत, लिहिले जातील, आणि मासिक बैठकीत प्रकल्प अधिकाऱ्यांनी आकडे पाहण्याआधी ती वही पाहावी. नोकरीतल्या शेवटच्या दोन वर्षांत माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्याकडच्या अंगणवाड्यांच्या गटात, मी असा प्रयोग केला होता, वरून आदेश नसताना. पहिले दोन महिने वही कोरी होती. तिसऱ्या महिन्यात एका आईने विचारले, की पाकिटातल्या पिठाला उन्हाळ्यात वास येतो, ते ठेवायचे कुठे. आमच्याकडचा पंचेचाळीस अंशांचा मे महिना आणि पत्र्याचे घर. आहाराचे प्रमाण ठरवणाऱ्या कोणाच्याही डोक्यात हा प्रश्न आला नसता. एका मुलाने स्वतः विचारले होते, की सगळ्यांसमोर वजन का करता. सेविकेने तेही लिहून घेतले, याचा मला आजही आनंद वाटतो. मुलाशी संबंधित निर्णयात मुलाचेही ऐकावे असे म्हणणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेला भारताने १९९२ मध्येच मान्यता दिली आहे, पण आमच्या बीटमध्ये ती त्या वहीतून आली. मी निवृत्त झाल्यावर ती वही बंद पडली, असे कळते.

आक्षेप मला ठाऊक आहे : माणसे नाहीत, वेळ नाही. पर्यवेक्षिकांची पदे रिकामी असली की एकीकडे दोन बीट येतात, हे मी भोगले आहे. पण हिशेब पुरा करावा. माझ्या शेजारणीने पाच महिन्यांत तीन खेपा घातल्या. प्रत्येक खेपेला त्या कार्यालयातल्या कोणीतरी तिच्याशी बोलण्यात, फाईल शोधण्यात, ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणण्यात वेळ घालवलाच. चार ओळी लिहिण्याचा वेळ त्यापेक्षा कमी लागला असता. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवांच्या अर्जाची पोच, ठरलेली मुदत आणि नाकारल्यास लेखी कारण मिळण्याचा हक्क नागरिकांना आहेच. बालकांच्या प्रत्येक सेवेला हे तत्त्व लावावे आणि ‘लेखी कारण’ म्हणजे वाचणाऱ्याला कळेल असे कारण, एवढी एक ओळ त्यात घालावी, असे मी जिल्हा प्रशासनाला आपल्या पत्रामार्फत सुचवते. नवे कर्मचारी रुजू होतात तेव्हा त्यांना ॲप कसे चालवायचे याचे प्रशिक्षण मिळते. घराच्या उंबऱ्यावर पहिले वाक्य काय बोलायचे, याचेही अर्ध्या दिवसाचे मिळावे. शिकवायला निवृत्त सेविका पुष्कळ आहेत. मीही येईन, मानधनाशिवाय.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. आपल्या नागपूर आवृत्तीत दर महिन्याला एका चौकटीत बालसंगोपन, बाल स्वास्थ्य तपासणी, पोषण पुनर्वसन केंद्र अशा एकेका सेवेची माहिती साध्या मराठीत द्यावी : कोणासाठी, कुठे, कोणते कागद. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा क्रमांक त्यात कायमचा असावा. मजकूर मी लिहून देईन. आवश्यक तर ‘उपरोक्त’ हा शब्द न वापरण्याची हमीही देते.

शेजारणीला सोमवारी पुन्हा बोलावले आहे. धाकट्याला सोबत न्यायचे तिने कबूल केले आहे, मीही बरोबर जावे अशी तिची अट आहे. तिने एका चिठ्ठीवर आपला प्रश्न लिहून घेतला आहे आणि खाली दोन ओळी कोऱ्या सोडल्या आहेत, साहेबांनी उत्तर लिहावे म्हणून.

आपली,
एक निवृत्त पर्यवेक्षिका, नागपूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)